‘शेवटचा धडा’ आणि फ्रान्झच्या घरची बोली

गेल्या दिवाळीतली गोष्ट. स्वयंपाकघरात चकल्यांचा तिसरा घाणा निघत होता आणि माजघरात आमची नात बारावीचे इंग्रजीचे पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. सुट्टी संपताच चाचणी परीक्षा होती. पुस्तकातला पहिलाच गद्य पाठ म्हणजे आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाची ‘शेवटचा धडा’ ही कथा. ती माझ्या चांगल्या परिचयाची. मास्तरकीच्या दिवसांत ती मी अनेकदा वर्गात वाचून दाखविली होती, आणि दर वेळी शेवट जवळ आला की मुलांच्या आधी माझाच आवाज जड होत असे. म्हणून मी मोठ्या उत्साहाने तिच्याजवळ सरकलो. पण तिने मला बोलूच दिले नाही. म्हणाली, “आजोबा, हा फ्रान्झ घरी आईशी कोणत्या भाषेत बोलत असेल?”

“फ्रेंचमध्ये. दुसऱ्या कशात?” मी म्हणालो.

“मग त्याला फ्रेंच इतके जड का जाते? आणि त्या गावातल्या सगळ्यांची नावे जर्मन कशी?”

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे जी कथा मी शिकविली, तिच्यातली ही एवढी मोठी फट मला कधी दिसली नव्हती. त्या प्रश्नाने मला वर्षभर पुरेल एवढे काम लावून दिले. हा लेख म्हणजे त्या कामाचा जमाखर्च आहे.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला आणि अल्सास व लॉरेनचा काही भाग हे प्रदेश जर्मनीकडे गेले. कथा घडते ती अल्साससमधल्या एका खेड्यात. फ्रान्झ नावाचा पोरगा शाळेला उशीर झाला म्हणून धास्तावलेला आहे, कारण आज व्याकरणाचे प्रश्न विचारले जाणार आणि त्याला त्यातले काहीच येत नाही. पण शाळेत पोहोचतो तो वर्गात सणासुदीसारखी शांतता. हॅमेल मास्तर ठेवणीतले कपडे घालून उभे. मागच्या बाकांवर गावातली मोठी माणसे बसलेली. मास्तर सांगतात की बर्लिनहून हुकूम आला आहे, उद्यापासून शाळेत जर्मनच शिकविली जाईल, हा फ्रेंचचा शेवटचा तास. मग काल नकोशी वाटणारी पुस्तके फ्रान्झला एकाएकी जुन्या सवंगड्यांसारखी वाटू लागतात. बाराचे टोले पडतात, मास्तरांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरांत देशाचा जयजयकार लिहितात आणि हातानेच खूण करतात की शाळा सुटली.

कथेची कारागिरी वादातीत आहे. हुकूम बर्लिनचा, पण तो आपल्याला कळतो तो एका आळशी पोराच्या तोंडून, आणि म्हणून त्यात कोठेही भाषणबाजी येत नाही. पराभवाचे सारे दुःख दोदेने एका तासात आणि एका खोलीत कोंडले आहे. हॅमेल मास्तरांना तो निर्दोषही ठेवीत नाही. बागेला पाणी घालायला पोरांना पाठविले, मासे धरायला जायचे म्हणून वर्गाला सुट्टी दिली, हे ते स्वतः कबूल करतात. आईबापांनीही शाळेपेक्षा शेतातल्या मजुरीवर पोरे धाडली, हेही सांगतात. हातातली वस्तू जाते तेव्हा तिची किंमत कळते, हे साधे सत्य इतक्या कमी शब्दांत इतके खोल उतरविणारी कथा मला दुसरी माहीत नाही. १८७२ साली ती वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, दुसऱ्या वर्षी दोदेच्या कथासंग्रहात आली, आणि दीडशे वर्षे जगभरची मुले ती वाचीत आहेत. आपली भाषा हिरावली जाण्याचे दुःख ज्यांनी ज्यांनी भोगले, त्या साऱ्यांनी ती आपलीच मानली.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. कथेतली नावे पाहावी. फ्रान्झ, लोहार वाख्टर, म्हातारा हाउझर. हा हाउझर जुने फाटके अंकलिपीचे पुस्तक घेऊन मागे बसला आहे आणि चष्मा लावून लहान पोरांबरोबर एकेक अक्षर जुळवून म्हणतो आहे. आम्ही वर्गात शिकवीत असू की पाहा, म्हाताऱ्याचे भाषाप्रेम केवढे! पण तोच प्रसंग दुसऱ्या डोळ्याने पाहिला तर दिसते की गावात सारा जन्म गेलेल्या या माणसाला त्या भाषेची बाराखडी उतारवयातही धडपणे येत नाही. पुढे हॅमेल मास्तर म्हणतात की उद्या जर्मन आपल्याला टोमणा मारतील, स्वतःला फ्रेंच म्हणविता आणि आपली भाषा तुम्हांला धड येत नाही! हा टोमणा ज्यांना बसू शकतो त्या माणसांच्या घरात ती भाषा बोलली जात असेल का? मातृभाषा लिहिता येत नाही असा माणूस भेटतो. मातृभाषेच्या नुसत्या उच्चाराने घाम फुटावा असा माणूस मात्र सहसा भेटत नाही.

इतिहास नातीच्या बाजूने आहे. अल्सास फ्रान्सच्या राज्यात आला तोच मुळी सतराव्या शतकात. त्याची राजधानी स्ट्रासबर्ग तर १६८१ मध्ये फ्रान्सच्या हाती लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील बहुसंख्य लोकांची बोली जर्मन कुळातली होती आणि १८७१ मध्येही ती तीच होती. फ्रेंच ही सरकारची, शहरातल्या प्रतिष्ठितांची आणि शाळेची भाषा. काही खोऱ्यांत आणि लॉरेनच्या काही भागांत खरोखरच फ्रेंच बोलणारी खेडी होती, आणि मौजेची गोष्ट अशी की जर्मन राजवटीने तशा गावांना शाळेच्या भाषेबाबत बरीच सवलत दिली होती. पण फ्रान्झ आणि हाउझर अशी नावे ज्या गावात नांदतात, तेथील पोर दुपारी बारा वाजता शाळेतून धावत घरी गेले असेल आणि आईला म्हणाले असेल, ‘आई, आज मास्तर रडले’, तर ते अल्साशियन बोलीत म्हणाले असेल. हे वाक्य कथेत नाही. दोदेने कथा बाराच्या टोल्याला थांबविली, आणि कलेच्या दृष्टीने ती तेथेच थांबायला हवी होती. पण तिला आणखी अर्धा मैल पुढे, फ्रान्झच्या चुलीपर्यंत जाऊ दिले असते तर कथेचा सारा आविर्भावच कोलमडला असता, हेही खरे.

दोदेला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. त्याचा जन्म १८४० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरातला. तेथील जनतेची बोली फ्रेंच नव्हे, ऑक्सितान. तिच्या एका रूपाला प्रोव्हान्साल म्हणतात. फ्रेडरिक मिस्त्राल हा प्रोव्हान्सालचा थोर कवी दोदेचा स्नेही होता, आणि १८६९ च्या आपल्या पुस्तकात दोदेने त्याच्यावर आणि त्याच्या भाषेवर एक अतिशय जिव्हाळ्याचा लेख लिहिला आहे. याच मिस्त्रालला पुढे १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘शेवटचा धडा’ वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यातली तुरुंगाच्या किल्लीची उपमा आठवते: गुलामीत पडलेल्या लोकांनी भाषा घट्ट धरून ठेवावी, कारण सुटकेची किल्ली तीच. हॅमेल मास्तरांच्या तोंडी आलेला हा विचार मिस्त्रालचा आहे, आणि दोदेने प्रामाणिकपणे त्याचे नावही दिले आहे. पण मिस्त्रालच्या मनातली भाषा होती ती दक्षिणेच्या लोकांची, आणि तिला शाळेच्या दारातून आत येऊ न देणारी भाषा होती फ्रेंच! ज्या कुलपाविरुद्ध ती किल्ली घडविली, त्याच कुलपाच्या गौरवासाठी दोदेने ती वापरली. साहित्यात इतका करुण विनोद क्वचित सापडेल.

हे कुलूप कसे घडले तेही पाहण्याजोगे आहे. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूने फ्रान्सच्या प्रातिनिधिक सभेपुढे एक अहवाल मांडला. त्याच्या अंदाजाप्रमाणे देशातल्या साठ लाख लोकांना फ्रेंच येतच नव्हती, जवळजवळ तितक्याच लोकांना तीत धड संभाषण करता येत नव्हते, आणि शुद्ध बोलणारे फार तर तीस लाख. त्यावर त्याने सुचविलेला उपाय असा, की बोली नाहीशा कराव्यात. ग्रेग्वार दुष्ट नव्हता, हे विसरता कामा नये. गुलामगिरीविरुद्ध आणि यहुद्यांच्या हक्कांसाठी लढलेला तो मोठ्या मनाचा माणूस. सर्वांना कायदा कळावा, सर्वांनी राज्यकारभारात भाग घ्यावा, म्हणून त्याला एक भाषा हवी होती. भाषेच्या बाबतीतली सक्ती बहुधा अशा सद्हेतूचाच हात धरून येते. पुढे १८८१-८२ च्या कायद्यांनी ज्यूल फेरीने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच शाळांत ब्रेटन किंवा ऑक्सितान बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना खडावा अडकविण्याची रीत होती. त्याने तो आपली बोली बोलणाऱ्या दुसऱ्या पोराला पकडून त्याच्या गळ्यात घालावा, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा व्हावी. अशा शाळांतले मास्तरही हॅमेलसारखेच प्रेमळ आणि देशभक्त असतील.

मग ही कथा खोटी म्हणायची काय? एक आक्षेप येथे कोणीही घेईल, आणि तो योग्य आहे. अल्सासची माणसे जर्मन बोली बोलत होती हे मान्य. पण त्यांना जर्मनीत जायचे नव्हते हेही तितकेच खरे. १८७१ साली त्यांच्या प्रतिनिधींनी बोर्दोच्या राष्ट्रसभेत आपल्याला तोडून देण्याविरुद्ध निषेध नोंदविला, आणि पुढे हजारो कुटुंबे घरेदारे सोडून फ्रान्समध्ये निघून गेली. तेव्हा फ्रान्झचे अश्रू खरेच असतील. माझेही म्हणणे तेच आहे. अश्रू खरे आहेत; त्यांना दिलेले कारण तेवढे चुकले आहे. बर्लिनचे म्हणणे असे, की हे लोक जर्मन बोलतात, म्हणून ते आमचे. याला खरे उत्तर होते, ‘आमची बोली जर्मन कुळातली आहे आणि आमचे मन फ्रान्समध्ये आहे, या दोन गोष्टींत आम्हांला काहीच विसंगती दिसत नाही.’ अल्सासची माणसे हे उत्तर जगत होती. पण दोदेने ते लिहिले नाही. त्याने बर्लिनचेच समीकरण उलट्या बाजूने मांडले: हे लोक फ्रेंच आहेत, म्हणून यांची भाषा फ्रेंच. एक भाषा म्हणजे एक राष्ट्र, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते! भांडण होते ते कोणती भाषा एवढ्यापुरतेच. त्या भांडणात तिसरी, चुलीजवळची भाषा कोणाच्याच खिजगणतीत नव्हती.

आणि तिचे पुढे काय झाले? फ्रान्झ कथेत दहा वर्षांचा धरू. १९१८ साली अल्सास पुन्हा फ्रान्समध्ये आला तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा असेल. त्याच्या नातवंडांना शिकवायला आतल्या फ्रान्समधून आलेल्या कित्येक मास्तरांना मुलांची बोली येत नव्हती, आणि ती मध्ये न आणता थेट फ्रेंचमधून शिकवावे अशी पद्धत ठरली. १९४० साली नाझींनी प्रदेश बळकावला तेव्हा फ्रान्झ एकोणऐंशीचा. आता फ्रेंच बोलणे गुन्हा झाला, माणसांची आणि रस्त्यांची नावे जर्मन करण्यात आली, फ्रेंच धाटणीच्या टोपीलासुद्धा बंदी झाली. १९४५ साली फ्रान्स परत आला आणि प्राथमिक शाळांतून जर्मन हद्दपार झाली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका आयुष्यात चार वेळा ‘शेवटचा धडा’ झाला. त्यातल्या एकालाच दोदे भेटला. बाकीच्या तीन वर्गांत कोण रडले ते जगाला माहीत नाही.

१९५१ मध्ये फ्रान्सने देक्सोन कायद्याने ब्रेटन, बास्क, कॅटलन आणि ऑक्सितान या भाषा शाळांत ऐच्छिक म्हणून शिकविण्यास मुभा दिली. अल्सासच्या बोलीला त्या यादीत जागा मिळाली नाही, कारण ती शेजारच्या राष्ट्राच्या भाषेची बोली ठरली. १९९१ पासून तेथे फ्रेंच-जर्मन अशा दुभाषी वर्गांना सुरुवात झाली. पण तोपर्यंत घरातली बोली आजीपाशी थांबू लागली होती. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा असल्याचे राज्यघटनेत लिहिले गेले. मात्र २०२१ मध्ये, सारे विषय प्रादेशिक भाषेतूनच शिकविणाऱ्या शाळांच्या पद्धतीला मान्यता देणारे कलम तेथील घटना परिषदेने रद्द ठरविले. वारसा म्हणून भाषा चालते. शिकण्याचे माध्यम म्हणून ती आली की राज्याला धास्ती वाटते. आपण वडिलांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांचे म्हणणे मात्र ऐकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

येथवर सारे परक्या देशाबद्दल झाले, आणि परक्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्यात मजा असते. पण आपण मराठी माणसे ही कथा कशी वाचतो, हेही सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९५६ पासून बेळगाव-निपाणीकडे पाहताना आपण हॅमेल मास्तरांच्या जागी बसतो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे ते सांगते. सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी त्या कलमाचा आधार आपण घेतो आणि तो घेतलाच पाहिजे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आग्रह आला तेव्हाही, लहान मुलावर घराबाहेरच्या भाषेचे ओझे लादू नये असे आपण एकमुखाने म्हणालो, आणि जूनअखेर सरकारने ते दोन्ही आदेश मागे घेतले.

पण तेच वाक्य गडचिरोलीतला गोंड बाप म्हणाला तर? देशात गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ तीस लाख आहेत, तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. मेळघाटातले कोरकू पोर, नंदुरबारच्या डोंगरातले भिली पोर पहिल्या दिवशी शाळेत येते तेव्हा फळ्यावरची मराठी त्याला आपली वाटते, की बर्लिनहून आलेली? कलम ३५०-अ आपल्यासाठी वाचताना आपला आवाज चढतो. त्यांच्यासाठी वाचताना तोच आवाज खाली येतो, आणि आपण ‘अडचणी’, ‘पाठ्यपुस्तके’, ‘शिक्षकांची टंचाई’ असे समंजस शब्द वापरू लागतो. अडचणी खऱ्या आहेत. पण त्या ग्रेग्वारलाही खऱ्याच वाटत होत्या.

मी खानदेशातला. घरात आईची अहिराणी. पहिलीत असताना तहान लागली म्हणून मी मास्तरांना म्हणालो, “माले पानी पाहिजे.” मास्तरांनी ‘माले’वरून मला वर्गासमोर उभे केले आणि ‘मला, मला’ असे पंचवीस वेळा म्हणवून घेतले. वर्ग हसला. पाणी मिळाले, पण ते शेवटी. ते मास्तर वाईट नव्हते. त्यांनीच मला मराठीची गोडी लावली, त्यांच्यामुळेच मी चार ओळी लिहू शकतो, आणि त्यांची आठवण झाली की आजही हात जोडले जातात. पण त्या दिवसानंतर शाळेतल्या गोष्टी आईला सांगताना मी अडखळू लागलो. शाळेतले शब्द घरी शोभत नव्हते आणि घरातले शब्द शाळेत चालत नव्हते. मी मराठीचा मास्तर झालो, हॅमेलचा धडा शिकवून डोळे पुसत राहिलो, आणि माझ्या मुलांना अहिराणी येत नाही. हे बर्लिनहून कोणी हुकूम पाठवून घडविलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की ‘शेवटचा धडा’ पाठ्यपुस्तकातून काढू नये. उलट अधिक बारकाईने शिकवावा. जेते भाषा कशी हिरावून घेतात हे तो उघडपणे सांगतो. आपलीच प्रेमळ माणसे ती कशी हिरावून घेतात हे त्यात लपलेले आहे, आणि ते शोधायला लावणे हे शिक्षकाचे काम. धड्याखालच्या स्वाध्यायात एका प्रश्नाची भर घालावी: फ्रान्झ घरी आईशी कोणत्या भाषेत बोलत असेल? मुलांनी उत्तर लिहून झाल्यावर शिक्षकाने सहज विचारावे, ‘आणि तुम्ही?’

नातीला हे सारे सांगून झाले तेव्हा यंदाची दिवाळी दाराशी आली होती. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “आजोबा, पणजी फराळाला हाक मारायची ती कशी?” मी ती हाक मारून दाखविली. साठ वर्षांनी ते शब्द माझ्या तोंडातून निघाले. उच्चार थोडा चुकला असावा. स्वयंपाकघरातून माझी बायको, जी जळगावची आहे, हसत म्हणाली, “तसे नव्हे हो,” आणि तिने तो दुरुस्त केला.